पाच आक्षेप

"वादात मला गप्प करणारा माणूस अजून कऱ्हाड तालुक्यात जन्मायचाय!" असं धैर्यशील आईला म्हणाला, तेही दाढी करता करता. आता हे वाक्य कुणी म्हणावं? सहा वर्षं युरोपातल्या विद्यापीठात बसून मध्ययुगीन लॅटिन पोथ्या वाचून आलेल्या माणसानं! त्याच्या प्रबंधाचा विषय होता, 'देवदूत एकाच वेळी दोन ठिकाणी हजर राहू शकतो का?' चारशे पानं लिहिली पठ्ठ्यानं. उत्तर 'नाही' असं आलं. हे आमच्या मलकापुरात कुणीही चहाच्या टपरीवर फुकटात सांगितलं असतं म्हणा!

बरं, घरची स्थिती अशी की पोरगा चौतिशीचा, सोळा ठिकाणांहून नकार आलेला. सतरावं स्थळ मिरजेचं. शिवांजली, औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट. मुलगी हुशार, हसरी, आणि मुख्य म्हणजे महिनाभर फोनवर धैर्यशीलचं बोलणं ऐकूनही पळाली नव्हती. घर बघायला यायच्या आदल्या दिवशी तर तिनं स्पष्टच सांगितलं, "माझा होकार आहे. फक्त बाबांना पटवा." धैर्यशीलचा जीव अगदी भांड्यात पडला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला पोथीपेक्षा एखादं माणूस जास्त आवडलं होतं.

आता बाबा म्हणजे रिटायर्ड सुभेदार ज्योतिबा. आमच्याकडं आता मुलीवाले मुलाचं घर बघायला येतात, आणि मुलाचीच उलटतपासणी होते. रंगूबाईंनी लेकाला बजावलं, "आरं, पावण्यांफुडं लय बोलू नगंस. चहाचा कप हातात दे आन् गप बस."

"आई, वादाची एक शास्त्रशुद्ध पद्धत असते."

"तुजी पद्धत चुलीत घाल!"

पण ऐकेल तो पंडित कसला! त्या जुन्या पोथ्यांची रीत अशी, की कुठलाही मुद्दा सिद्ध करायचा तर आधी त्याच्या विरुद्ध बाजू मांडायची. तीही लेचीपेची नव्हे, अगदी दणकट! मग म्हणायचं 'पण याउलट', मग आपलं उत्तर, आणि शेवटी एकेक आक्षेप खोडून काढायचा. विरुद्ध बाजू जितकी भक्कम, तितका पंडित मोठा. ही रीत मठातल्या साधूंना ठीक होती. त्यांना कुठं लग्न जमवायचं होतं?

अकरा वाजता सुभेदारांची जीप आली, सोबत शिवांजलीही. पोहे झाले, चहा झाला. सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला आणि थेट विचारलं, "हां, बोला. आमची पोरगी तुमाला का द्यावी?"

धैर्यशीलचे डोळे चमकले. तो चक्क उभा राहिला!

"प्रथमदर्शनी असं दिसतं, की देऊ नये," त्यानं सुरुवात केली.

धैर्यशीलच्या वडिलांना, लालासाहेबांना, चहाचा ठसका लागला.

"आक्षेप पहिला. या मुलाला नोकरी नाही. लॅटिन शिकवायची जागा सातारा जिल्ह्यात नाही, सांगलीत नाही, आणि निघण्याची चिन्हंही नाहीत. आक्षेप दुसरा. घरची चार एकर ऊसशेती आहे, पण उसाला पाणी कधी सोडतात हे त्याला ठाऊक नाही, कारण तो नऊच्या आत उठत नाही."

"आवं सुभेदारसाहेब, पोरगं थट्टा करतंय!" लालासाहेब ओरडले.

"ऱ्हाऊ द्या, बोलू द्या त्यास्नी," सुभेदार पुढं सरकून बसले.

"आक्षेप तिसरा. घरातला गॅस संपला, तर सिलिंडर बदलण्याआधी तो त्यावर विचार करतो. आक्षेप चौथा. आजवर सोळा सुज्ञ कुटुंबांनी त्याला नाकारलं. सोळा जण एकदम चुकतील, हे संभवत नाही!"

हा चौथा आक्षेप त्याला इतका आवडला, की तो स्वतःच मान डोलवायला लागला. रंगूबाईंनी पदर तोंडात कोंबला.

"आणि पाचवा, सगळ्यांत भक्कम. त्याच्याशी संसार करणाऱ्या बाईला रोज हे असं ऐकावं लागेल!"

सुभेदार ताडकन उठले. "बस! रिपोर्ट क्लिअर हाय. लालासाहेब, पोरगा दिलाचा लय साफ. आपल्या तोंडानं सगळं सांगितलं. चल गं शिवा."

"थांबा!" धैर्यशील किंचाळला. "अजून 'पण याउलट' यायचंय!"

पाहुण्यांनी चपला घातल्या, जीप सुरूही झाली. धैर्यशील अनवाणीच जीपमागं धावला आणि पहिला आक्षेप खोडायला लागला. घाईत मराठी सुचेना, म्हणून त्यानं मूळ वचनंच सुरू केली, खणखणीत लॅटिनमध्ये! शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

जीप थांबली आणि शिवांजली खाली उतरली. धैर्यशीलला वाटलं, जिंकलो!

"आक्षेप सगळे मराठीत होते," ती म्हणाली. "उत्तरं तेवढी लॅटिनमध्ये का?"

धैर्यशील घाईघाईनं मराठी शब्द शोधायला लागला.

"बरं, उत्तरं राहू द्यात. त्या पाचांतला एक तरी खोटा आहे का?"

चारशे पानांचा धनी, पण तोंडातून एक अक्षर फुटेना! शिवांजलीचे डोळे भरून आले, ती मुकाट्यानं जीपमध्ये बसली आणि जीप मिरजेच्या रस्त्याला लागली. लालासाहेबांनी दोन दिवस लेकाशी अबोला धरला. धैर्यशीलला खरंच वाईट वाटलं. तो रडलासुद्धा, अगदी साध्या मराठीत.

तिसऱ्या दिवशी सुभेदारांचा फोन आला. धैर्यशीलनं पहिल्याच रिंगला उचलला.

"ऐका गड्या, येत्या रविवारी शिवाला दुसरं एक स्थळ बघाय येतंय. पाचगणीला हॉटेल हाय म्हनं त्येचं. पोरगा सोताबद्दल लय ग्वाड बोलतोय, आमाला कायबी कळंना. तुमी तेवढं या, आन् त्येच्यावरचे आक्षेप काढून द्या!"

अपमान झाला होता, मन मोडलं होतं, लाज असलेल्या कुठल्याही माणसानं फोन आपटला असता.

"किती आक्षेप हवेत?" त्यानं विचारलं.