निर्मळची स्वस्त मेथी

माझी बायको बाजारात जाताना पिशवीत अर्ध्या किलोचं लोखंडी वजन घेऊन जायची. भाजीवाल्याने तागडी उचलली की म्हणायची, "थांब हं भाऊ," आणि त्याचं वजन खाली काढून आपलं चढवायची. नालासोपारा स्टेशनबाहेरचे भाजीवाले तिला इन्स्पेक्टरीणबाई म्हणत. एकाने तर तिला लांबून येताना बघून हातगाडीच गल्लीत वळवली होती. हे मी डोळ्यांनी पाहिलं. मी तेव्हा पानाच्या टपरीआड उभा होतो. तिच्याबरोबर बाजारात गेलो की मी असाच कशाच्या तरी आड उभा राहायचो.

तिचं नाव इंदू. गेली, त्याला आता वर्ष होऊन गेलं. मी सातवी शिकलेला माणूस. कामणला एका गोदामात आधी हमाल होतो, मग सुपरवायझर झालो. लिहायची सवय म्हणजे माल आला, माल गेला, एवढीच. म्हणून जे आहे ते सरळ लिहितो. गोड करून लिहायला मला येत नाही, आणि तिच्याशी मी फार गोड वागलोही नाही.

दुधाची पिशवी रिकामी झाली की इंदू ती कात्रीने उभी चिरायची, पाण्याने खंगाळायची आणि ते पाणी चहात ओतायची. मग पिशवी धुऊन खिडकीच्या गजाला वाळत. आमच्या खिडकीत त्या पिशव्या अशा फडफडायच्या की समोरच्या बिल्डिंगवाल्यांना वाटावं, यांच्याकडे रोजच पंधरा ऑगस्ट. साबणाची उरलेली चिपटी ती नव्या वडीला चिकटवायची. लग्नात घेतलेला साबण आमच्याकडे अजून चालू आहे, असं मी लोकांना सांगायचो. लोक हसायचे. घरातली कुठलीही वस्तू फेकायला काढली की तिचं ठरलेलं, "असू दे, लागेल."

माझ्या जुन्या पँटीसुद्धा तिला लागायच्या. पाय कापले, खालून शिवलं, की झाली पिशवी. खिसे तसेच ठेवायची. एका खिशात सुटे पैसे, दुसऱ्यात ते वजन. एकदा शेजारचा राणे मला जिन्यात भेटला. चार माणसं ये-जा करत होती, तेवढं बघूनच तो बोलला.

"काय हो, सकाळी तुमची पँट बाजारात दिसली. कोथिंबीर घेत होती."

सगळे हसले. मीही हसलो. आणि घरात शिरल्या शिरल्या इंदूवर खेकसलो.

"फाटलीय का कुठे?" तिने पिशवी उलटीपालटी करून दाखवली. "नाही ना? मग लाज कसली?"

आता एक गोष्ट कबूल करतो. हा चिक्कूपणा तिने माहेराहून आणला नव्हता. नव्वदच्या सुमारास मुंबईची भाड्याची खोली सोडून आम्ही इथे ब्लॉक घेतला, तेव्हा मीच सांगितलं होतं, रिक्षा बंद, सिनेमा बंद, पाहुणे बंद. बायकांनी कामाशिवाय घराबाहेर पडायचं नाही, पडलं की पैसा जातो. ती "बरं" म्हणाली. पुढे मी सुपरवायझर झालो, मुलीचं लग्न झालं, हातात चार पैसे खेळायला लागले. मी माझे नियम विसरलो. ती विसरली नाही. मग मला तिची लाज वाटायला लागली.

सगळ्यात जास्त लाज वाटायची ती निर्मळच्या मेथीची. एक दिवसाआड इंदू नालासोपाऱ्याहून निर्मळला चालत जायची. जायला तास, यायला तास. तिथल्या वाड्यांवर भाजी स्वस्त, जुडीमागे रुपया वाचतो, असं तिचं म्हणणं. डांबरावर तळ झिजतात म्हणून सावली असली की चपला हातात घ्यायची.

"अगं, एका रुपयासाठी एवढी तंगडतोड?"

"पायांना कुठे पेट्रोल लागतं?"

सकाळी दहाला गेलेली बाई तीनला परत यायची. मी विचारायचो, "मेथी पेरून, उगवून आणतेस काय?" ती हसायची आणि जुड्या निवडायला बसायची.

मग तो दिवस आला. मला गोदामात ताप भरला, म्हणून मॅनेजर साहेबांनी त्यांच्या गाडीतून बिल्डिंगपर्यंत सोडलं. एवढा मोठा माणूस आपल्या दारात, मी तापातही ताठ उभा राहिलो. तेवढ्यात गेटातून इंदू आली. डोक्यावर पँटची पिशवी, हातात चपला, पाय धुळीने भरलेले. मला बघून ती थबकली.

साहेबांनी सहज विचारलं, "या तुमच्याकडे कामाला आहेत का?"

मी म्हटलं, "हो साहेब."

ती चार हातांवर होती. तिने ऐकलं. डोक्यावरची पिशवी खाली घेतली आणि म्हणाली, "साहेब, वर या. चहा टाकते." चहा तिने आणून ठेवला, आत गेली, बाहेर आली नाही. जाताना साहेब म्हणाले, "बाई चांगली मिळालीय तुम्हाला." मी मान हलवली.

माफी मागायची ती वेळ होती. पण मला लाज वाटते तेव्हा माझ्या तोंडून रागच बाहेर पडतो. साहेबांची गाडी वळली न वळली तोच मी ओरडलो, "उद्यापासून निर्मळ बंद! भाजीवाला गेटवर येतो, त्याच्याकडून घ्यायची!"

"तिथे महाग..."

"महाग तर महाग! पुन्हा तिकडे पाऊल टाकायचं नाही."

ती म्हणाली, "बरं."

त्यानंतर ती गेली नाही. गेटवर भाजी घ्यायची, वजन न तपासता. राणे म्हणाला, "वहिनी सुधारल्या हो!" मला बरं वाटलं. घरात ती फारशी बोलेनाशी झाली, तेही मला बरंच वाटलं. मी काही म्हटलं तर "असू दे" म्हणायची. पुढचं "लागेल" आता म्हणत नव्हती. अशी दोन वर्षं गेली आणि एका सकाळी ओट्याशी उभी असताना ती खाली बसली. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. शेवटचं माझ्याशी काय बोलली ते मला सांगता येत नाही. मी पेपर वाचत होतो.

वर्षश्राद्धाला फुलं हवी होती, भाजी हवी होती. स्टेशनवरचे भाव ऐकून मी मनात म्हटलं, ती जायची तिथेच जाऊ. चालत गेलो. वाटेत दोनदा बसलो. विचारत विचारत एका केळीच्या वाडीपाशी पोचलो. अंगणात लाल लुगडं नेसलेली एक म्हातारी सूप पुढ्यात घेऊन वालाच्या शेंगा सोलत होती. बाजूला शेवंतीचा ढीग होता. मी मेथीचा भाव विचारला. तिने सांगितला, तो स्टेशनपेक्षा दोन रुपये जास्त होता.

"लुटता काय?" मी म्हटलं. "माझी बायको इथूनच न्यायची. स्वस्त मिळते म्हणायची."

"आमच्याकडे? आमच्याकडे कधीच स्वस्त नव्हतं हो. कोण तुमची बायको?"

"इंदू. नालासोपाऱ्याहून चालत यायची."

तिच्या हातातली शेंग सुपात पडली. "आमची इंदू? आहे कशी? मी फिलो. सांगितलं असेल ना तिने?"

तिने मला काहीच सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. इंदू गेली, हे मी सांगितलं. फिलोने क्रुसाची खूण केली आणि पदर डोळ्यांना लावला. मग पाट पुढे सरकवला. मी बसलो.

"इथेच बसायची," ती म्हणाली. "जुड्या बांधायला लागायची, फुलं ओवायला लागायची. आम्ही म्हणायचो, मजुरी घे. म्हणायची, मला बोलायला मिळतं, तेच पुष्कळ." मग तिने मला नीट न्याहाळलं. "तुम्ही तेच ना, गमतीजमती सांगणारे? इंदू सांगायची, आमचे हे कामावरून आले की रोज मला गोदामातल्या गोष्टी सांगतात, हसून हसून पुरेवाट होते. आमच्या घरातल्या बायका म्हणायच्या, नवरा असावा तर असा."

मी कामावरून आलो की "वाढ" म्हणायचो. जेवण झालं की बातम्या लावायचो. तेवढंच.

"ते माकडाचं अर्धंच राहिलं," फिलो म्हणाली. "माकड गोदामात शिरलं आणि पावडरच्या खोक्यांवर चढलं, इथवर सांगितलं तिने. पुढचं परवा सांगते म्हणाली आणि उठली. आलीच नाही. एक विचारू का भाऊ? माझ्यावर रागावली होती का? त्या दिवशी मी तिला म्हटलं होतं, जुड्या सैल बांधतेस. तीन वर्षं तेच टोचतंय मला."

मी बंदी घातली म्हणून ती आली नाही, एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगितलं असतं तर या अंगणात इंदूने जो नवरा उभा केला होता तो तिथेच मेला असता, आणि बायकांनी इंदूला खोटारडी म्हटलं असतं. गप्प बसलो असतो तर ही म्हातारी ते टोचणं घेऊनच जगली असती.

"तुमच्यावर नाही," मी म्हटलं. "माझ्यावर रागावली होती. चूक माझीच होती. मोठी होती."

"नवरा-बायकोत व्हायचंच ते," फिलो म्हणाली. तिचे खांदे सैल झाले. तिने अर्ध्या शेंगा माझ्याकडे सरकवल्या. "आता तुम्ही आलाच आहात, तर माकडाचं पुरं करून जा."

आमच्या गोदामात माकड कधी शिरलं नव्हतं.

"खोक्यांवर चढलं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटत होता. "वरचं खोकं फोडलं त्याने. सगळी पावडर अंगावर. पांढरं फटफटीत झालं."

"अगो बाई!" फिलोने सोलणं थांबवलं. "मग?"

मला पुढचं सुचेना. इंदूला सुचलं असतं. मी एक शेंग उचलली आणि ती सोलायला खूप वेळ लावला.