ओपोंगमामाला पुरायचं कुठे?

“नाना, मामाचा प्रश्न मिटलाच म्हणून समजा!” अडोमाकोने छाती ठोकली. “माझ्या पद्धतीत खोटं बोलून कुणाचाच फायदा होत नाही!”

कुळाचे प्रमुख नाना अचियाम्पोंग यांनी सुस्कारा सोडला. खोटं बोलून फायदा होत नाही अशी जागा त्यांना कबरस्तानाखेरीज ठाऊक नव्हती. आणि ओपोंगमामा बिचारा तिथवरही पोचला नव्हता! महिनोन्‌महिने शवागारात बाजारच्या माशासारखा गारठून पडला होता. ज्यांच्या गावात पुरायचं त्यांनीच पाहुण्यांसकट सगळा खर्च उचलायचा, ही कुळाची रीत. तरी कुमासीची अफुआमावशी म्हणे, “भाऊ आमच्याच गावात पुरायचा!” माम्पोंगची सेरवामावशी म्हणे, “आधी माझ्यावर माती टाका!” शवागाराचा शेवटचा निरोप आला होता : शनिवारपर्यंत न्या, नाहीतर बेवारसांच्या खड्ड्यात!

अडोमाको विद्यापीठात संगणकशास्त्र शिकत होता. त्यातही डावपेचांचं गणित. “कुमासी ते माम्पोंग रस्ता एकच. प्रत्येकाने फोनवर गुपचूप मनातलं ठिकाण टाकायचं. सगळी ठिकाणं रस्त्याच्या क्रमाने लावायची. बरोबर मधलं येईल, तिथे मामा!”

पाच इकडचे, पाच तिकडचे. मग मधला कोण? अडोमाकोने अकरावं मत स्वतःचं टाकलं. मामाच्या मांडीवर वाढलेला पोर तो. वाटेतल्या एन्तोन्सोत भाड्याने राहायचा. मामा जवळ असावा असं वाटलं, तेच लिहिलं.

फोन वाजला. एन्तोन्सो!

“तिथे आपलं कोण आहे?” नानांनी विचारलं. सगळ्या माना अडोमाकोकडे वळल्या.

“मशीन फितूर आहे!” अफुआमावशी कडाडली.

“फितूर? ही बघा मतं!” म्हणत त्या शहाण्याने फोन सगळ्यांपुढे धरला.

कुमासीच्या पाचही जणांनी माम्पोंग लिहिलं होतं. माम्पोंगच्या पाचांनी, कुमासी!

“काय गं सेरवे, तुझ्यावर माती टाकायची होती ना?”

“आणि तुझा भाऊ ना गं तो? की माझ्या एकटीचा?”

कोपऱ्यात मामी बसली होती. कुळाबाहेरची, म्हणून तिला कुणी मत विचारलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, “म्हणजे हे कुणालाच नको होते?”

शेवटी नाना खाकरले. “एन्तोन्सो ही प्रभूचीच इच्छा!”

“आमेन!” दोन्ही मावश्या ओरडल्या. जन्मात प्रथमच त्यांचं एकमत झालं!

शनिवारी अडोमाकोच्या एवढ्याशा अंगणात शवपेटी, ढोल, मांडव आणि चारशे पाहुणे. घरमालक दार बडवतोय. मावश्या छाती पिटतायत : “भाऊराया, आमच्या घरी का नाही रे आलास!” मामी तेवढी अडोमाकोचा हात घट्ट धरून मुकी उभी.

आणि गणित सांगतं, मधल्या माणसाला त्याने मागितलं ते तंतोतंत मिळतं. म्हणजे त्या अख्ख्या गर्दीत सगळ्यात सुखी माणूस अडोमाकोच होता!