धन्यकुमारांचा काटा आणि फलटणचे पाहुणे

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. हवं तर औंधच्या यमाईच्या पायरीवर हात ठेवून सांगतो. मी स्वतः तिथं हजर नव्हतो, त्यामुळं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. (या वाक्यात ज्यांना काही खटकलं असेल त्यांनी कोर्टात जावं. गोष्टीत त्यांचं काम नाही.)

साल त्र्याण्णव किंवा चौऱ्याण्णव. माधवनगरचे कापडव्यापारी धन्यकुमार यांच्याकडं एक जुनी डिझेल जीप होती. जीप मोठी समाधानी. टाकी भरलेली असो की कोरडी, तिचा डिझेलचा काटा आठ महिने ‘फुल्ल’वर टेकून बसला होता.

धन्यकुमारांच्या पत्नी चंदनबाला यांनी त्यावर उपाय काढला होता. वेळूची एक काठी, तिच्यावर चाकूनं पाडलेल्या खुणा. टाकीत बुडवायची आणि किती ओली झाली ते बघायचं. आठ महिन्यांत जीप एकदाही डिझेलविना थांबली नाही. साहजिकच धन्यकुमारांना ही पद्धत अडाणी वाटायची.

त्यातच मुलीचं, सुंदरीचं, स्थळ जमत आलं. फलटणचे पाहुणे तिला बघायला औंधला तिच्या मामाकडं येणार होते. पाच वाजता बघणं, आणि दिवस मावळायच्या आत सगळ्यांची पंगत. घरं दोन्ही जैन. पण मुलाचे वडील फारच कडक. सूर्य बुडाला की पाण्याचा थेंबही नाही. आधीची दोन स्थळं ‘कळवतो’ म्हणून गेली होती, आणि अजून कळवत होती. हे तिसरं हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

“होणाऱ्या व्याह्यासमोर मी टाकीत काठी घालू? लोक काय म्हणतील?” धन्यकुमार म्हणाले.

“काठी घातली म्हणतील,” चंदनबाला म्हणाल्या. “आवं, एवढंच हाय तर यल्लाप्पा वायरमनला बोलवा.”

“यल्लाप्पा काय आईच्या पोटातनं शिकून आलाय?”

आणि जायच्या दिवशी सकाळी पांढऱ्या लेंग्यानिशी धन्यकुमार जीपखाली शिरले. सोबतीला शेजारचे नाथाजी. नाथाजींना जीपमधलं काही कळत नसे. पण सल्ला देताना ही अडचण त्यांना कधीच आडवी आली नव्हती. शिवाय आदल्या रविवारी हीच जीप मागून घेऊन ते जोतिबाला जाऊन आले होते, म्हणजे जिव्हाळाही होता.

आता खरं सांगायचं तर धन्यकुमारांनी काम झकास केलं. टाकीत एक तरंगता गोळा असतो. त्याची दांडी वरखाली होते, आणि तो निरोप एका वायरीनं डॅशबोर्डवरच्या काट्याकडं जातो. धन्यकुमारांनी टाकीवरची वायर उपसली.

“सुंदरे, काटा पडला का गं?”

“न्हाई आण्णा, फुल्लच हाय.”

“म्हणजे गोळा निर्दोष! निरोप मधेच कुणीतरी फिरवतंय!”

त्यांनी वायर बोटानं चाचपत आणली. जीपच्या तळाच्या फळीखाली एका बोल्टानं तिचं कातडं सोललं होतं आणि उघडी तार पत्र्याला चिकटली होती. त्यांनी तार सोडवली, काळी टेप गुंडाळली, टाकीवरची वायर जोडली.

“आता?”

“आण्णा, काटा पार खाली. शून्यावर.”

धन्यकुमारांनी जीपखालून डोकं बाहेर काढलं. टेप गुंडाळून काट्याची शुद्ध जाईल, हे त्यांच्या शास्त्रात बसत नव्हतं.

“टाकीच रिकामी आसंल,” सुंदरी म्हणाली.

“छ्या!” नाथाजी इतक्या घाईनं बोलले की त्यांना ठसका लागला. “परवाच भरलंय मी डिझेल. अर्धी टाकी हाय. आठ महिने वर लटकलेला काटा, गड्या. मोकळा झाल्यावर आधी खालीच पडणार. रुळायला दोन दिवस लागत्यात त्याला.”

“काठी घालून बघा की,” चंदनबाला म्हणाल्या.

पण शास्त्र घरात आल्याच्या आनंदात धन्यकुमारांनी ती काठी गुडघ्यावर मोडून बंबात घातली होती.

अडीच वाजता जीप निघाली. धन्यकुमार, चंदनबाला, सुंदरी, आणि ‘मुलीकडनं चार माणसं दिसावीत’ म्हणून नाथाजी. विट्यात पंप आला.

“टाकू या का पाच लिटर?” चंदनबाला म्हणाल्या.

“स्वतःच्या हातानं केलेल्या दुरुस्तीवर माझा इस्वास हाय!” धन्यकुमार गरजले. दुरुस्ती म्हणत होती टाकी रिकामी आहे. तिच्यावर संपूर्ण विश्वास ठेवून ते पंपावरून पुढं गेले.

पुसेसावळीच्या अलीकडं जीपनं दोन आचके दिले आणि ती थांबली. साडेचार वाजले होते.

“वायर असंल,” धन्यकुमार म्हणाले.

“वायरच,” नाथाजी म्हणाले आणि लगेच निसर्ग बघायला लागले.

शेजारच्या मळ्यात कोंडीबा नावाचा शेतकरी विहिरीवरचं इंजिन बंद करत होता. तो आला, टाकीच्या तोंडाशी वाकला, वास घेतला.

“पावनं, हितं डिझेल हुतं कवा?”

त्यानं इंजिनापुरत्या डिझेलमधलं पाच लिटर आणून ओतलं. पण डिझेलच्या गाडीचा स्वभाव असा की टाकी एकदा कोरडी पडली की नळीत हवा शिरते. ती काढल्याशिवाय गाडी हलत नाही. धन्यकुमार पान्हा घेऊन नट शोधू लागले. बहुतेक सगळे चुकीचे सापडले. शेवटी कोंडीबानं सुंदरीला दाखवलं: हा नट ढिला कर, हातपंप मार, बुडबुडे थांबले की आवळ. सुंदरीनं पदर खोचला आणि कोपरापर्यंत डिझेलमध्ये हात घातले.

“दिवस चाललाय बुडायला,” चंदनबाला रडकुंडीला आल्या. “तिकडं पंगत खोळंबली आसंल.”

कोंडीबाला काय अडचण आहे ते कळलं तसा तो घरात गेला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही घेऊन आला. कांदा त्यानं स्वतःच बाजूला काढला होता. चौघं बांधावर बसून सूर्याकडं बघत जेवली. धन्यकुमार चार भाकरी जेवले. (काळजीनं भूक लागते.)

औंधला पोचेपर्यंत मिट्ट काळोख. मामाच्या ओसरीवर फलटणचे अकरा पाहुणे उपाशी बसले होते. मुलीकडचे आल्याशिवाय पानं वाढायची नाहीत, असा हट्ट मामानं दिवस मावळेपर्यंत निभावला होता, आणि त्यानंतर कुणाला जेवताच येत नव्हतं. श्रीखंड फडक्याखाली झाकून होतं.

धन्यकुमारांनी हात जोडले, क्षमा मागायला तोंड उघडलं, आणि भरघोस ढेकर आला.

मुलाच्या वडिलांनी त्या ढेकराचा मान ठेवून थोडा वेळ डोळे मिटले. मग त्यांची नजर सुंदरीच्या काळ्या हातांवर गेली.

“हे काय गं, मुली?”

“नळीत हवा धरली हुती. काढली.”

“आणि डिझेल संपेपर्यंत कुणी बघितलं न्हाई?”

“काटा शून्यावर हुता. मी सांगितलं हुतं. पण घरातल्या मोठ्या माणसांचा काट्यावर इस्वास न्हवता.”

ओसरीवर कुणीतरी फिसकन हसलं. तो नवरामुलगा जिनेश होता. वडिलांनी त्याच्याकडं पाहिलं, सुंदरीकडं पाहिलं, आणि शेवटी धन्यकुमारांकडं.

“मुलगी पसंत हाय. पण लग्नाला येताना तुमी एस्टीनं या.”

तर अशी ही गोष्ट. अक्षरन् अक्षर खरी. शपथ घेतलीच आहे म्हणून बनावट भागही सांगून टाकतो. तो फार नाही. एक म्हणजे, माधवनगरात नाथाजी नावाचा शेजारी कुणी नाही. ते नाव मी घातलं, कारण खरं छापलं तर बायको मला घरात घेणार नाही. आणि दुसरं ते परवा भरलेल्या अर्ध्या टाकीचं.