ऐकण्याचा नंबर

सुभेदारांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तेव्हा छावणीतून पत्र आलं : तरुण जवानांसाठी अनुभवी मार्गदर्शक हवा आहे. बायको म्हणाली, "जा हो, खुशाल जा. इथं मांजरसुद्धा सावधान उभं राहायला लागलंय."

छावणीत त्यांना एक खोली, दोन खुर्च्या आणि नोंदपत्रकांचा गठ्ठा मिळाला. पहिला आला वायरलेसवरचा जवान. खिशात नोकरी सोडण्याचा अर्ज, शुक्रवारी द्यायचा. अर्धा तास मान खाली घालून बसला. सुभेदारही गप्प बसले. उठताना म्हणाला, "काका, उद्या सांगतो."

'दिलेला सल्ला (किमान शंभर शब्द)' या रकान्यात सुभेदारांनी लिहिलं, 'ऐकलं.'

पत्रक लाल शेऱ्यासह परत आलं. 'ऐकणे ही बाब सल्ल्याच्या व्याख्येत बसत नाही. प्रत्यक्ष पडताळणी व्हावी.'

दुसऱ्या दिवशी पडताळणी अधिकारी आले. जवानाला बाहेरच्या बाकावर बसवून स्वतः खुर्चीत टेकले. "हं, ऐका. कसं ऐकता ते मी नोंदवतो."

"बोला साहेब."

"मी काय बोलणार? आमचं सगळं ठीकच आहे." पेन थांबलं. "थोरली तीन महिने माझ्याशी बोलत नाही, एवढंच."

दोन तासांनी साहेब नाक पुसत उठले. अहवाल गेला : 'ऐकणे अत्यंत परिणामकारक. तथापि उपलब्ध साठा एक सुभेदार. सबब हुद्द्यानुसार वाटप व्हावे.'

गुरुवारी व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. कोठारप्रमुख आले, मनोबल विभागाचे डॉक्टर आले, रजेवरचे दोघे रजा मोडून आले. जवानाच्या हातात चिठ्ठी पडली : दोनशे चौदा.

शुक्रवारी सुभेदारांनी खोलीला कुलूप लावलं आणि बाकावर जवानाशेजारी बसले. "बोल, बाळा."

"काका, मला भीती वाटते," जवान म्हणाला. पुढचं धो धो आलं.

"हे नियमात नाही," पहिल्या नंबरचे कर्नल म्हणाले. "आम्ही सकाळपासून उभे आहोत."

"मग बसा ना साहेब, तुम्हीही ऐका. साठा दुप्पट होईल."

"मी? ते माझ्या कामात येत नाही."

संध्याकाळी कचेरी बंद झाली. अर्ज खिशातच राहिला होता. चौकशी मात्र सुभेदारांचीच लागली, रांग मोडल्याबद्दल.

तुम्ही हसलात, बरं वाटलं. पण मघाशी दाराशी कुणीतरी "जरा बोलायचं होतं" म्हणालं, आणि तुम्ही "एवढं वाचून होऊ दे" म्हणालात. त्याचा नंबर कितवा?