परबांचा खासगी निरोप

रविवारी सकाळी साडेअकरा वाजता रमाकांत परबांनी आयुष्यात पहिल्यांदाच एका बाईची चहाडी केली, आणि ती थेट त्या बाईंनाच जाऊन पोचली. पहिल्यांदाच म्हणजे लेखी. तोंडी चहाड्या त्यांनी पुष्कळ केल्या होत्या; परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात केसपेपरच्या सात नंबर खिडकीत पंचवीस वर्षं बसलेल्या माणसाला त्या कराव्याच लागतात. पण तोंडची चहाडी हवेत विरते. ही विरली नाही.

ती केली गिरणकट्ट्यावर. गिरणकट्टा हे समाजमाध्यम होतं, पण त्याला कंपनी नव्हती, मालक नव्हता आणि जाहिराती नव्हत्या. अशी शेकडो बिऱ्हाडं वेगवेगळ्या गावांत वेगवेगळ्या मशिनींवर नांदत आणि एकमेकांकडे जा-ये ठेवून असत. लालबाग-परळकरांचं बिऱ्हाड चिंचपोकळीला संघर्ष तांबेच्या घरी, कपाटावर ठेवलेल्या मिठाईच्या पुड्याएवढ्या कॉम्प्युटरवर होतं. संघर्ष हॉस्पिटलातले कॉम्प्युटर दुरुस्त करायला यायचा, त्यानंच परबांना आत घेतलं. एकूण सभासद एकशेबारा. त्यांतला एक जण फक्त गटारांच्या झाकणांचे फोटो टाकी. एक जण कुठल्याही गप्पांत शिरून, कोणी आजारी असल्यासारखा, "तुम्ही अजून विंडोजच वापरता?" असं हळहळून विचारी. तिघं टोपणनावानं लिहीत, आणि ती तिघं म्हणजे एकच माणूस आहे असा चौथ्याला दाट संशय होता.

शिस्त मात्र देवळातल्यासारखी. राजकारण, आजारपण किंवा मांसमच्छी लिहायची तर वर इशारा द्यायचा, म्हणजे ज्याला नको तो उघडणार नाही. आणि फोटो टाकला की त्यात काय आहे ते खाली शब्दांत लिहायचं. पहिला नियम परबांनी नाइलाजानं मान्य केला. सुरमईबद्दल माणसांना सावध करायचं म्हणजे काय, हे त्यांच्या मालवणी डोक्यात शेवटपर्यंत शिरलं नाही. दुसरा नियम त्यांनी पाळलाच नाही. तरीही ते तिथे रमले होते. घरच्या ग्रुपवर त्यांच्या बोलण्याला कोणी साधा अंगठासुद्धा देत नसे. इथे मात्र दर रविवारी ते वरळी कोळीवाड्यातून मासळी आणत, तिचा फोटो टाकत, कोळणीशी झालेली घासाघीस चार ओळींत लिहीत, आणि ऐंशीएक माणसं ते वाचून खूश होत. "आमच्याकडे कोणी साहेब नाही," असं ते ऑफिसात छाती काढून सांगत.

फक्त दादरच्या कोणी मृणालिनीबाई होत्या, त्या दर रविवारी खाली लिहीत, "फोटोचं वर्णन द्याल का?" त्या गिरणकट्ट्यावरच्या नव्हत्या, पुण्याच्या सर्व्हरवरच्या, म्हणजे तिकडच्या बिऱ्हाडातल्या होत्या, तिथे दादर-गिरगावचीही बरीच मंडळी होती. पहिल्यांदा परबांनी दुर्लक्ष केलं. दुसऱ्यांदा नमस्काराचं चिन्ह पाठवलं. तिसऱ्यांदा 'सुरमई' एवढाच शब्द लिहिला. चौथ्या रविवारी तोच प्रश्न आला आणि त्यांचं पित्त खवळलं.

त्यांनी संघर्षला खासगी निरोप लिहायला घेतला. नाव अर्धवट लिहायचं नाही, ही खिडकीतली सवय. नुसतं 'मृणालिनी' लिहिलं आणि भलतीच मृणालिनी निघाली तर? म्हणून त्यांनी नावाआधीचं ते @ चिन्ह, नाव, पुण्याच्या सर्व्हरचा पत्ता, असं सगळं यथासांग लिहिलं आणि पुढे मजकूर घातला:

"या बाईंना आवर रे. ताटात एवढी मोठी सुरमई आडवी पडलीय आणि विचारतात फोटोत काय आहे! मंगळवारी आमच्याकडे डोळ्यांची ओपीडी असते. सात नंबर खिडकीवर यायला सांग. केसपेपर मी स्वतः काढून ठेवतो."

स्वतःच्या विनोदावर खूश होऊन ते सुरमईची तुकडी तोंडात घालणार, तोच संघर्षचा फोन आला.

"काका, काय केलंत हे?"

"काय केलं? तुला खासगी लिहिलं."

"खासगी, पण त्यात त्यांचं पूर्ण नाव टाकलंत! इथं खासगी निरोपात ज्याचं नाव पत्त्यासकट घालाल, त्यालाही तो निरोप जातो. सिस्टिमच तशी आहे. तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

परबांना पहिला दिवस आठवला. ते तेव्हा गटारांची झाकणं बघत होते.

"मग रागावतील थोड्या," ते म्हणाले. "मीही जरा जास्तच बोललो."

"काका, मृणालिनीताईंना दिसत नाही. वीस वर्षं झाली. त्यांचा फोन त्यांना सगळं मोठ्यानं वाचून दाखवतो. म्हणून तर त्या वर्णन मागतात."

परबांनी हातातली तुकडी ताटात ठेवली. चार रविवार ती बाई विचारत होती, काय आहे हो, आम्हालाही सांगा, आणि आपण काय पाठवलं? नमस्काराचं चिन्ह. त्यांना स्वतःची अशी शरम वाटली की समोरच्या आरशाकडे बघवेना.

"काय झाला वो?" त्यांच्या पत्नी मीनाक्षी तव्यावरून बघत म्हणाल्या. "काटो लागलो?"

"लागलो," परब म्हणाले, आणि फोन घेऊन गॅलरीत गेले.

"संघर्ष, पुसून टाक. आत्ताच्या आत्ता. त्यांनी फोन उघडायच्या आत."

"पुसतोय... एक मिनिट... अरे! आई! आई, प्लग का काढलास?"

पलीकडून संघर्षच्या आईचा, सुंदराबाईंचा आवाज आला. "लादी पुसतेय मी! शॉक बसला म्हणजे?"

एकशेबारा माणसांचं समाजमाध्यम लादी वाळेपर्यंत बंद राहिलं. सुंदराबाई कपाटाखालूनही पुसतात, म्हणून पाऊण तास लागला. मग संघर्षनं निरोप पुसला आणि पुन्हा फोन केला.

"आपल्याकडून गेला, काका. पुण्याकडचं सांगता येत नाही."

"म्हणजे?"

"आपण त्यांच्या मशीनला सांगायचं, पुसा म्हणून. ऐकायचं की नाही ते त्यांचं. इथं कोणी कोणाचा साहेब नाही."

"असं कसं?" परब जवळजवळ ओरडले. "कोणी तरी साहेब असेलच की! माझं बोलणं करून दे!"

परबांनाच आपलं बोलणं ऐकू आलं आणि ते आणखी खजील झाले.

आता माफी मागायला हवी होती. खासगी मागावी, तर खासगी निरोपांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. आणि गुन्हा आड केला तरी माफी चारचौघांत मागावी, हे त्यांच्या वडिलांचं म्हणणं. तेव्हा दुपारी तीन वाजता त्यांनी सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: "मृणालिनीताई, आज सकाळी माझ्या हातून आपल्याबाबत जे नीच कृत्य घडलं, त्याबद्दल पाय धरून क्षमा मागतो. काय घडलं ते इथे सांगण्याची मला लाज वाटते."

मूळ निरोप फार तर दोन माणसांनी वाचला होता. माफी शेकडोंनी वाचली, आणि कृत्य काय ते माहीत नसल्यानं ज्यानं त्यानं आपल्या वकुबाप्रमाणे ते ठरवलं. संध्याकाळपर्यंत ऐंशी प्रतिक्रिया झाल्या. झाकणांवाल्यानं तीन वर्षांत पहिल्यांदाच झाकण सोडून दुसऱ्या विषयावर लिहिलं: "परब, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." कोणी विचारलं, पोलिसांत कळवलं का? कोणी तक्रार केली, की 'नीच कृत्य' हा शब्द वर इशारा न देता वापरला. मग इशारा द्यायला हवा होता की नको, यावरच वाद पेटला आणि तासभर परबांना सगळे विसरले. तेवढाच त्यांना विसावा.

रात्री नऊला पुण्याच्या सर्व्हरवर देखरेख ठेवणाऱ्या वैभवचा निरोप आला. वैभव राहायचा गिरगावात आणि तत्त्वाचा एकदम पक्का. 'मंगळवार संध्याकाळपर्यंत या इसमाला काढा, नाहीतर आम्ही अख्ख्या गिरणकट्ट्याशी संबंध तोडतो.' म्हणजे इकडच्या एकशेबारा जणांना तिकडचे स्नेही दिसणार नाहीत, तिकडच्यांना हे दिसणार नाहीत. एकानं थुंकायचं आणि अख्ख्या चाळीचं पाणी बंद.

"मी राजीनामा देतो," परब संघर्षला म्हणाले.

"राजीनामा कसला? नोकरी आहे काय?"

"मग काढून टाक मला. मी त्याच लायकीचा आहे."

"ताईंचं म्हणणं येऊ दे ना. ज्यांना लागलं त्या गप्प, आणि बाकीचेच नाचतायत."

ताई गप्पच होत्या. सोमवारी परबांना जेवण गेलं नाही. खिडकीत बसल्या बसल्या त्यांनी दोघांचे केसपेपर अदलाबदल केले आणि दाढदुखीवाल्याला हाडांच्या विभागात धाडलं. मृणालिनीबाई निदान चार शब्द खडसावतील तर बरं, असं त्यांना वाटत होतं. नुसती शांतता सोसवेना.

मंगळवारी साडेअकराला रांग ओसरली होती. परब शिक्का पुसत होते. खिडकीपाशी पांढरी काठी टेकल्याचा आवाज झाला.

"सात नंबर हीच ना?"

समोर सत्तरीच्या एक ताठ बाई, आणि त्यांच्या दंडाला धरून जाड भिंगांच्या चष्म्याच्या दुसऱ्या, जरा बावरलेल्या.

"मी मृणालिनी. केसपेपर काढून ठेवणार होतात."

परब उभे राहिले. खुर्ची मागे पडली, ती उचलायचंही त्यांना सुचलं नाही.

"ताई," ते म्हणाले, "मी... ते मी टोमण्यानं लिहिलं होतं."

"ते कळलं की मला. तीस वर्षं शाळेत होते मी. टोमणा ओळखता येणार नाही?"

"मला माहीत नव्हतं हो. म्हणजे माहीत नसलं तरी... मला तोंड दाखवायला जागा नाही."

"मला तोंड दाखवायची तशीही गरज नाही," मृणालिनीबाई म्हणाल्या. "ही माझी बहीण, कौसल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दोनदा आलो, दोनदा चुकीच्या खिडकीवर रांग लावून परत गेलो. कोणी धड सांगेल तर शपथ! तुम्ही वार सांगितलात, खिडकी सांगितलीत, साडेअकराला गर्दी नसते ते आज इथे येऊन कळलं. असा कामाचा टोमणा मला आजवर कोणी मारला नव्हता. रागावून घरी बसले असते तर हिच्या डोळ्यांचं काम राहून गेलं असतं. काढा आता."

परबांनी केसपेपर काढला. गडबडीत 'कौसल्या' दोनदा लिहावं लागलं. मग खिडकी सहकाऱ्याकडे सोपवून ते दोघींना डॉक्टरांच्या दारापर्यंत घेऊन गेले; वाटेत पायरी आली की 'पायरी', उतार आला की 'उतार' म्हणत. निघताना बाई म्हणाल्या, "हे बघा, येतंय की वर्णन करता." परबांना रडूच यायचं बाकी राहिलं.

खरी शिक्षा संध्याकाळी सुरू झाली. मृणालिनीबाईंनी सगळ्यांसाठी लिहिलं: "गिरणकट्ट्याच्या परबांनी आज माझ्या बहिणीला हाताला धरून डॉक्टरांपर्यंत नेलं. असा सज्जन माणूस विरळा. तो विषय आता बंद करावा."

विषय बंद झाला आणि कौतुक उघडलं. लोक म्हणाले, तरीच! झाकणांवाल्यानं हात जोडले. परबांना ते वाचवेना. त्यांनी घाईघाईनं खरं काय ते लिहून टाकलं, मूळ निरोप शब्दन् शब्द उतरवला आणि खाली लिहिलं, "मी सज्जन नाही. मी एका अंध बाईची टिंगल केली." पाच मिनिटांत उत्तरं आली. 'केवढा प्रांजळपणा!' 'एवढी विनम्रता आजकाल कुठे असते?' एकीनं तर त्यांची कबुली नवीन सभासदांसाठी नमुना म्हणून जपून ठेवली.

आणि मग वैभवचा खासगी निरोप आला. संबंध तोडायची नोटीस मागे घेतली होती. खाली लिहिलं होतं, "काका, माझ्या बाबांनाही मोतीबिंदू आहे. पुढच्या मंगळवारी तुमच्याकडून केसपेपरचं काही होईल का? कोणाला सांगू नका."

परबांनी संघर्षला फोन केला. "मला कोणी शिव्या का देत नाही रे?"

"माफी मिळाली असती तर सुटला असतात," संघर्ष म्हणाला. "तुम्हाला मान मिळालाय, काका. आता भोगा."

वैभवला नाही म्हणायचं तोंड परबांना नव्हतं. पण पहाटेपासून ताटकळणाऱ्यांच्या डोक्यावरून एक केसपेपर आतल्या आत सरकवायचा, तर मग तो नीचपणा नाही तर काय? दोन दिवस विचार करून त्यांनी मार्ग काढला. पुढच्या मंगळवारी सकाळी साडेसहाला ते हॉस्पिटलात आले आणि सात नंबर खिडकीपुढे, वैभवच्या बाबांसाठी, रांगेत उभे राहिले. नंबर अकरावा.

सगळं न्यायाचं झालं होतं. आठ वाजले तेव्हा त्यातली खोच त्यांच्या लक्षात आली. खिडकी उघडेना, कारण खिडकी उघडणारा माणूस रांगेत उभा होता. आठ वाजून तीन मिनिटं झाली. आठ वाजून पाच. मागून लोक ओरडायला लागले.

"ओ, खिडकी उघडा! झोपले काय?"

परबांनीही सवयीनं बंद खिडकीकडे बघितलं. मागची बाई, कडेवर मूल, वैतागून म्हणाली, "काय माणसं ओ ही! लोक इकडं मरतायत आणि याचा पत्ता नाय. रोज असाच करतो काय हा खिडकीवाला?"

परब तिच्याकडे वळले.

"फार वाईट माणूस आहे हो," ते मनापासून म्हणाले.

"तोंडावरनंच समजत असंल," ती म्हणाली. "असल्यांना लाज कशी नसते?"

"तेच तर," परब म्हणाले. नऊ दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या छातीवरचं ओझं थोडं हललं. कोणाला तरी पटलं होतं.

मग त्यांनी तिला आपला नंबर धरून ठेवायला सांगितला आणि ते खिडकी उघडायला आत गेले.