ठोंबरेकाकांची खुर्ची

जेवायला बोलावलं की लोक मिठाईचा डबा आणतात. ठोंबरेकाका स्वतःची खुर्ची आणायचे. निळ्या कापडाची, घडीची. काखेत खुर्ची, पिशवीत स्वतःचं ताट आणि चमचा, आणि खिशात स्वयंपाकाचा थर्मामीटर. इथे परदेशात, हॅमिल्टनच्या आमच्या मराठी मंडळींचं पॉटलक, म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचं जेवण असलं, की काका आधी प्रत्येक भांड्यात थर्मामीटर खुपसणार आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणणार, "वहिनी, भात कोमट झाला ना बाप्पा! मायक्रोवेव्ह करून घ्या." भात जिनं आणलेला असे, ती काकांना पुन्हा म्हणून घरी बोलवत नसे. असं होता होता बोलावणारं घर एकच उरलं, आमचं. तेही माझ्या नवऱ्याला, श्रीधरला, कुणाला नाही म्हणता येत नाही म्हणून.

काका मूळचे नागपूरचे, इथे एकटेच राहत. युनिव्हर्सिटीत ते पोटातल्या रोगजंतूंवर संशोधन करत आणि त्यांच्याबद्दल एखाद्या कर्तबगार भाच्याबद्दल बोलावं तसं बोलत. "गोठ्यात असला की साधासुधा. माणसाच्या पोटात शिरला, ऊब लागली, आंबट लागलं, की बरोबर ओळखते घर बदललं म्हणून. जुनी प्रथिनं ठेवते गुंडाळून, नवी बनवते. हुशार आहे ना बाप्पा!" त्यांचा लाडका जंतू तर कहर होता. आतड्याच्या पेशीला धरायला जागा नसली, तर हा पठ्ठ्या आपलंच एक प्रथिन सुईनं टोचावं तसं पेशीत घालतो. ते पेशीच्या बाहेरच्या अंगाला येऊन बसतं आणि मग हा त्यावर ठाण मांडतो. "समजलं का वहिनी? दुसऱ्याच्या घरी जायचं आणि खुर्ची आपली न्यायची!" हे ते निळ्या खुर्चीत बसून सांगत. मी हसू दाबायला किचनमध्ये पळत असे.

त्या नोव्हेंबरात आमची पाच वर्षांची ईरा शाळेबरोबर एका फार्मवर गेली. वासराला मनसोक्त कुरवाळलं आणि तोच अंगठा चोखत घरी आली. काही दिवसांनी तिचं पोट बिघडलं. एका संध्याकाळी वॉशरूममधून तिनं हाक मारली, मी जाऊन बघते तर रक्त. श्रीधर ऑफिसच्या कामाला परगावी गेलेला. पण आपल्या लोकांच्या घरात असते तशी पुण्याहून आणलेल्या औषधांची पिशवी आमच्याकडेही होतीच. तिच्यातून अँटिबायोटिकची स्ट्रिप काढली आणि लहान मुलाला किती द्यायची ते विचारायला काकांना फोन केला. जंतूंचे का असेनात, डॉक्टरच ना!

"रक्त?" काकांचा आवाजच बदलला. "वहिनी, गोळी देऊ नका! हा माझावाला असू शकते. औषधानं मरता मरता जास्त विष सोडते तो. किडनीवर जाते ते. पोरीला कोट घाला, मी आलो."

बाहेर पहिला बर्फ पडत होता. एरवी ज्यांच्या गाडीमागे हॉर्नची रांग लागते ते काका विंटर टायर्सशिवाय बघता बघता दारात हजर. पायात घरातल्या सपाता.

हॉस्पिटलात तपासणीत तोच निघाला, काकांचावाला. आता ईराच्या किडन्या टिकतात का, एवढाच प्रश्न होता. रोज तिचं रक्त तपासत आणि रोज माझा जीव टांगणीला. "आग लागो तुमच्या त्या हुशाराला!" मी एकदा काकांना म्हणाले. ते हॉस्पिटलच्या खुर्चीत, ती न पुसता, ईराशेजारी बसून राहिले.

ईरानं त्यांना विचारलं, "व्हॉट्स इन माय टमी, काका?"

"एक पाहुणा आला आहे. खुर्चीपण आपलीच घेऊन आला."

"व्हाय?"

"कोणी बस म्हणत नाही ना त्याला."

"दॅट्स सो सॅड," ईरा म्हणाली. काका खिडकीबाहेरचा बर्फ बघत राहिले.

अखेर एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी हसत सांगितलं, किडन्या ठणठणीत आहेत, घरी न्या. मी सरळ तिथल्या नर्सच्या गळ्यात पडून रडले. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. काका लगबगीनं हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळ चालू ठेवून आतच राहिले. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते.

ईरा पुरती बरी झाल्यावर काकांना जेवायला बोलावलं. दारात काका, काखेत निळी खुर्ची. ईरानं ती ओढून घेतली, कोटांच्या कपाटात कोंबली आणि दार लावून टाकलं. मग आमच्या टेबलाची खुर्ची पुढे सरकवली आणि एरवी मराठीत अवाक्षर न काढणारी माझी लेक म्हणाली, "बसा, काका."

काका उभेच राहिले. मग चष्मा पुसला आणि बसले. मी आमच्याच ताटात वरणभात वाढला. सवयीनं त्यांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"हुशार आहे ना बाप्पा," ते ईराकडे बघत पुटपुटले आणि भात कालवायला लागले. भात कोमटच होता.