कंपनीचं की बाहेरचं?

कानाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये! एकवीस वर्षं मी कान-नाक-घशाच्या दवाखान्यात लोकांच्या ऐकण्याची तपासणी करतोय. पेशंटला काचेच्या खोलीत बसवायचं, कानावर हेडफोन चढवायचे, बाहेरून मशीनमधून जाड-बारीक शिट्ट्या सोडायच्या आणि ऐकू आलं की त्यानं बटण दाबायचं. त्याचा मी आलेख काढतो. रेघ खाली गेली की कान गेले. "आजोबा, सून हळू बोलत नाही, तुमचेच कान गेलेत!" हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलंय की आता झोपेतही म्हणेन. तेव्हा मोटरसायकलला स्पीकर कंपनीचे बसवायचे की बाहेरचे, हा प्रश्न म्हणजे माझ्या हातचा मळ!

मोटरसायकल लांबच्या प्रवासाची. पुढे मोठी काच, दोन्ही बाजूंना पेट्या, मागची सीट गादीसारखी. त्या सीटवर बायको बसते. म्हणजे, बसायची. मागच्या सहलीपासून तिचं काहीतरी बिनसलं. परतीच्या आठ तासांत बाईसाहेबांनी चकार शब्द काढला नाही, आणि घरी आल्यावर तर उशी उचलून सरळ मुलीच्या रिकाम्या खोलीत झोपायला गेली. मुलगी लग्न होऊन परगावी गेल्यापासून घर आधीच ओकंबोकं, त्यात हे. जेवायला समोरासमोर बसायचं, वरण पुढे सरकवायचं, उठायचं. भिंतीवरचं घड्याळसुद्धा हल्ली टिकटिक करेनासं झालं होतं. मी दोनदा सेल बदलला, तरी नाही. वेळ मात्र बरोबर दाखवायचं.

एक दिवस ती कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "महिनाअखेरीला मी मुलीकडे जातेय."

"किती दिवस?"

"बघू."

बायकोचं 'आठ दिवस' परवडतं, 'महिना' परवडतो; 'बघू' परवडत नाही. पण आपण हार मानणारे नाही! मी ठरवलं, ती जायच्या आधी चार दिवसांची सहल काढायची. आणि मागे बसून कंटाळते म्हणून रुसते, तर गाडीला झकास गाणी बसवायची.

"गाणी?" ती म्हणाली. "आणि माझं काय?"

"अगं, सगळी तुझ्याच आवडीची लावू!"

तिनं कपाळावर हात मारून घेतला. मग घडी घातलेला टॉवेल उगाचच पुन्हा उलगडला. "येते," ती म्हणाली. "पण अहो, मागच्यासारखं झालं ना, तर मी मुलीकडेच राहीन. मग न्यायला येऊ नका."

म्हणजे आता सगळा संसार दोन स्पीकरवर टांगलेला!

शोरूमवाला म्हणाला, "कंपनीचं ते कंपनीचं, साहेब! बाहेरचं बसवलंत, एक वायर जरी तोडलीत, तरी वॉरंटी गेली." आणि त्यानं गाणं लावलं. गाणारी बाई तोंडात बोळा कोंबून गात असावी असं वाटलं. सूर होता, शब्दांचा पत्ता नव्हता.

मग मी गाड्यांना डेक-स्पीकर बसवणाऱ्या बाहेरच्या दुकानात गेलो. त्या डेकवाल्यानं आधी कंपनीच्या नावानं नाक मुरडलं. "आमचे घ्या साहेब. तुम्ही इथे लावा, पुढच्या चौकात लोक ठेका धरतील!" त्यानं लावलं. तीच बाई, तोच बोळा, फक्त ओरडत होती.

दुसरा कोणी असता तर गोंधळला असता. मी तज्ज्ञ! मी दोघांकडून एकेक स्पीकर तपासणीसाठी मागून घेतला. डेकवाल्याला मी काचेच्या खोलीचं नाव सांगून गार केलं. शोरूमवाल्यानं तर मुकाट्यानंच दिला, कारण त्याच्या वडिलांचे कान मीच तपासले होते.

दुपारी दवाखाना रिकामा असताना मी स्पीकर काचेच्या खोलीत मांडले, मशीनला जोडले, आत बसलो आणि दवाखान्यातल्या मावशींना बाहेर मशीनवर बसवलं. मावशी वीस वर्षं इथली फरशी पुसतायत. मशीन त्यांना तोंडपाठ आहे. जाड आवाजाला मी पटापट बटण दाबलं. बारीक शिट्ट्या सुरू झाल्या आणि स्पीकर गप्प.

मावशी काचेवर टकटक करून दार उघडून आत डोकावल्या. "दादा, बटण दाबा की! कधीची वाजतेय."

"काही वाजत नाहीये, मावशी."

"अहो, मला इथे दारात ऐकू येतंय!"

"मावशी, तुम्हाला भास होतायत. जरा विश्रांती घेत जा."

मावशींनी माझ्याकडे असं काही पाहिलं! परत मशीनपाशी जाऊन त्यांनी मी सांगितलं तसा आलेख काढला: कंपनीचा लाल पेनानं, बाहेरचा निळ्या पेनानं. बघतो तर काय, दोन्ही रेघा छान सरळ येतात आणि बारीक आवाजांपाशी विहिरीत पडल्यासारख्या खाली! एकाच जागी! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे दोघे चोर एकाच कारखान्यातून खराब माल उचलतायत!

मी दोघांनाही फोन केला आणि वाट्टेल ते बोललो. ग्राहकांची फसवणूक म्हणालो, कोर्टात खेचीन म्हणालो. "माझ्याकडे पुरावा आहे!" असंही म्हणालो. तो माझ्या हातात फडफडतच होता.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, ऐन गर्दीत, दोघेही दवाखान्यात हजर! शोरूमवाला इस्त्रीच्या शर्टात, डेकवाला बगलेत बॅटरी मारून. आल्या आल्या आधी एकमेकांशीच जुंपली.

"ह्याच्या डब्याशी आमची बरोबरी करता?"

"डबा कुणाचा ते कळेलच आता!"

"थांबा!" मी गरजलो. "लावा दोन्ही. ह्या सगळ्या लोकांसमोर लावा!"

डेकवाल्यानं बाकावर दोन्ही स्पीकर ठेवले, बॅटरी जोडली आणि मोबाइलवरून तीच बारीक शिट्टी सोडली. मी हात पसरून पेशंटांकडे वळलो. "बघा! आहे का आवाज? आहे का?"

सगळ्यांनी कानात बोटं घातली होती. एक लहान मूल रडत होतं. कोपऱ्यातल्या, मीच 'गेलेत' म्हणून सांगितलेल्या एका आजोबांनी कानातलं यंत्र उपसून काढलं आणि ओरडले, "अरे बंद करा ते! मेंदूला भोक पडेल!"

त्या खोलीत फक्त मी एकटा शांततेत उभा होतो.

डॉक्टर मॅडम कान दाबतच केबिनमधून बाहेर आल्या. त्यांनी आधी डेकवाल्याचा मोबाइल बंद केला आणि मग माझ्या हातातला कागद ओढून घेतला. लाल रेघ, निळी रेघ. आमच्याकडे लाल म्हणजे उजवा कान आणि निळी म्हणजे डावा, हे मी एकवीस वर्षं नव्या माणसांना शिकवतोय!

"हा पेशंट कुठाय?" मॅडम म्हणाल्या. "नाव का नाही घातलंत?"

"मॅडम, ते स्पीकर..."

"दोन्ही कान सारखेच गेलेत बिचाऱ्याचे. पन्नाशीचा असेल. वर्षानुवर्षं मोटरसायकल पळवणारा दिसतोय, हेल्मेटमध्ये वारा घुमून असंच होतं. घरच्यांना किती त्रास होत असेल ह्याच्या!" मग त्यांनी मान वर केली. मावशी फरशीकडे बघत होत्या. हळूहळू सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. "तुम्ही मशीन रोज सकाळी स्वतःच्या कानानं तपासून सही करता ना?"

करतो. म्हणजे, सही करतो.

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो दिवा मीच! शोरूमवाल्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "साहेब, माझ्या वडिलांना पण आधी पटलं नव्हतं."

मॅडमनी मला आत बसवून पाणी दिलं. "गाडीवर मागे कोण बसतं?"

"बायको. पण ती बोलतच नाही हो."

मॅडमनी तो आलेख माझ्यापुढे सरकवला. मी तो खिशात घातला आणि पाणी तसंच ठेवून उठलो.

घरी आलो तेव्हा ती मुलीच्या खोलीत बॅग भरत होती. मी दारातच उभा राहिलो. "अगं, एक विचारू? मागच्या सहलीत, येताना... तू काही बोलत होतीस का?"

तिनं हातातली साडी खाली ठेवली. "पाऊण रस्ता बोलत होते."

"काय?"

"सगळंच. मुलगी गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणाले. तुम्ही घरी येता, पण असून नसल्यासारखे, म्हणाले. समोरासमोर कधी बोलता आलं नसतं मला. म्हटलं, पाठीशी बोलावं." तिनं साडी पुन्हा उचलून घेतली. "शेवटी विचारलं, तुम्हाला माझा कंटाळा आलाय का?"

"मग?"

"तुम्ही मान हलवलीत. हो म्हणून. एकदा नाही, तीन-तीनदा!"

मला तो रस्ता डोळ्यांपुढे दिसला. "अगं, ते खड्डे होते गं!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खिशातून आलेख काढून तिच्यापुढे धरला, लाल रेघ, निळी रेघ, आणि तिथेच लहान पोरासारखा रडलो. ती आधी हसली, मग तीही रडली. मग म्हणाली, "चार महिने, अहो! चार महिने मी त्या खड्ड्यांवर काढले!"

तर स्पीकर कुठलेच घेतले नाहीत. कंपनीचे कान गेले ते गेलेच. आता बाहेरचे बसवलेत, एक वर्षाच्या वॉरंटीचे. घड्याळ पहिल्यापासून टिकटिक करतच होतं म्हणे. आता रात्री यंत्रं काढेपर्यंत ते डोकं उठवतं. सहलीचं म्हणाल तर हेल्मेटमध्ये ही यंत्रं नुसती शिट्ट्या मारतात, म्हणून काढूनच ठेवावी लागली. बायकोला काही सांगायचं असलं की ती पाठीवर थाप मारते, मी गाडी बाजूला घेतो, उतरतो, यंत्रं कानात घालतो आणि ऐकतो. चार तासांच्या रस्त्याला नऊ तास लागले.

मुलीकडे ती गेलीच, तिकीट काढलेलं होतं. पण 'बघू' नाही म्हणाली, पंधरा दिवस म्हणाली. मी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. आणि गाडीवर एक नवीन सवय लावून घेतलीय, लोक वळून बघतात, बघेनात! पुढे खड्डा दिसला की मी आधीच बोंब मारतो, "खड्डा आहे गं! हो नव्हे!"